पांघरूण बाजूला करून बघा

पत्र:

ताई, माझी आई 81 वर्षांची आहे. चार वर्षांपासून डिमेन्शिया. मी नोकरी करते, भाऊ न्यू जर्सीला असतो. आठ महिन्यांपासून आई ठाणे जिल्ह्यातल्या एका केअर सेंटरमध्ये आहे. महिना 32,000 रुपये. डायपर, औषधं वेगळी. एक रविवार आड, चार ते सहा, आधी फोन करून मी भेटायला जाते. गेल्या दोन्ही वेळी ती साडेचार वाजताही गाढ झोपेत होती. दोन्ही दंडांवर निळे डाग होते, एका मनगटावर लाल रेघ. सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, "आजी बेडवरून उतरायला जातात आणि पडतात. उलट त्याच आम्हाला मारतात." निघताना एक मावशी ताट घेऊन आत आली. तिला बघताच आईने माझा हात सोडला, स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घातले आणि म्हणाली, "मी शहाणी आहे ना? मी काही नाही केलं." त्या दिवसापासून मला झोप नाही. भाऊ म्हणतो, वाद घालू नकोस, त्यांनी ठेवून घ्यायला नकार दिला तर कुठे नेणार? मला भीती वाटते की मी बोलले तर राग आईवर काढतील. मी उगाच संशय घेतेय का?
सुजाता (नाव बदललं आहे), डोंबिवली

सुजाताताई,

नाही, उगाच नाही. आणि हे पत्र वाचून झाल्यावर पुढच्या रविवारची वाट बघू नका, उद्याच जा. फोन न करता.

तुम्ही लिहिलेल्या गोष्टी एकेक करून बघू. म्हातारपणी कातडी कागदासारखी पातळ होते. त्यात रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नुसत्या धक्क्यानेही हाताच्या पाठीवर, कोपराच्या खाली निळंजांभळं पडतं. तेवढंच असतं तर मी तुम्हाला आधी औषधांची यादी बघा म्हटलं असतं. पण पडलेल्या माणसाला लागतं ते कपाळाला, कोपराला, गुडघ्याला, खुब्याला. दोन्ही दंडांवर सारखेच डाग पडतात ते बहुधा कुणीतरी दंड धरून ओढलं, दाबलं की. आणि मनगटावरची रेघ सहसा पडून उमटत नाही. ती बहुधा बांधल्यावर उमटते; ओढणीने, बँडेजच्या पट्टीने, बेडच्या दांडीला. बरं, आई खरोखर वारंवार पडत होती असं धरलं, तर त्या प्रत्येक वेळी तुम्हाला फोन का आला नाही? फाईलमध्ये तारीख-वेळ घालून नोंद का नाही? हा प्रश्न तुम्ही सिस्टरना शांतपणे विचारू शकता. उत्तर देताना त्या गडबडल्या तर तेही लक्षात ठेवा.

दुपारी साडेचारच्या झोपेचं मला जास्त वाटतं. डिमेन्शियाची माणसं संध्याकाळी अस्वस्थ होतात, उठतात, "घरी जायचंय" म्हणतात. अशांना सांभाळायला माणूस लागतो. माणूस कमी असला की त्याच्या जागी गोळी येते. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल ही मनोविकारावरच्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्यांची नावं फाईलमध्ये आहेत का बघा. या गोळ्या कधीकधी खरोखर लागतात. पण डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्ये आणि पुन्हा 2008 मध्ये या गटातल्या औषधांवर छापायला लावला आहे. त्यामुळे कोणत्या डॉक्टरांनी, कधी, कशासाठी आणि किती दिवसांसाठी लिहून दिलं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. स्वतःच्या मनाने एकदम बंद मात्र करू नका.

आणि "मी शहाणी आहे ना?" हे वाक्य. डिमेन्शियात माणूस काल काय घडलं ते विसरतो, भीती पुष्कळदा विसरत नाही. कोण कडक बोलतं, कुणाचा हात लागला की दुखतं, हे शरीराला आठवत राहतं. काही लोक तुम्हाला सांगतील की अहो, त्यांना भ्रम होतो, काहीही बोलतात. भ्रम होतोच. पण ताट घेऊन आलेल्या एका ठरावीक मावशीला बघून हात मांडीखाली जातात तेव्हा मी भ्रमावर बोट ठेवणार नाही. दुसरी मावशी आली तर आई काय करते, हे उद्या बघा.

माझं एक सांगते. माझी मोठी आत्या शेवटची दोन वर्षं अशाच एका ठिकाणी होती. गावाचं, जागेचं नाव नको. आम्ही जायचो तेव्हा ती विंचरलेली, पावडर लावलेली, धुतलेल्या गाऊनमध्ये असायची. स्वच्छ चादर गळ्यापर्यंत. मी तिचा हात हातात घेऊन तासभर बसायचे, समाधानाने घरी यायचे. एका मे महिन्यात लक्षात आलं की तिच्या पायात मोजे आहेत. एवढ्या उकाड्यात मोजे? काढायला गेले तर मावशी म्हणाली, "राहू द्या ना, थंडी वाजते त्यांना." मी काढले. उजवी टाच रुपयाएवढी काळी पडली होती, कडेने पिवळट, आणि मोजा तिथे चिकटला होता. महिनोन्‌महिने एकाच स्थितीत टाच गादीवर दाबून पडली होती. त्या आधीच्या तीन भेटींत मी चादर बाजूला केलीच नव्हती. मोठ्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण ओढायचं कसं, असा संकोच.

तो संकोच तुम्ही ठेवू नका. उद्या जाताना डबा न्या, नखं कापायचं नेलकटर न्या, तेलाची बाटली न्या. आईला तेल लावते, कपडे बदलते, म्हणून सांगा आणि दार लावून घ्या. लेकीने आईचं अंग पुसायला कुणाची परवानगी लागत नाही. टाचा, माकडहाड, खुबे, खांदे, डोक्याची मागची बाजू बघा. लाल दिसणाऱ्या जागी बोट दाबून सोडा. लाली क्षणभर पांढरी होऊन परत आली तर ठीक. दाबूनही तशीच राहिली तर ती बेडसोअरची, म्हणजे एकाच स्थितीत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. स्वतःहून कूस न बदलू शकणाऱ्या माणसाला दर दोन तासांनी वळवायचं, असा साधा नियम आहे. एअर बेड लावला म्हणजे वळवायला नको, असं नाही. जीभ कोरडी, लघवी गडद, ओठांना भेगा म्हणजे पाणी कमी पडतंय. लघवी जास्त झाली की डायपर जास्त लागतात, म्हणून पाणीच कमी द्यायचं, हा प्रकार मी एकाहून जास्त ठिकाणी ऐकला आहे. डायपर कधी बदलला ते विचारण्यापेक्षा हातात घेऊन वजन बघा. दाखल केलं तेव्हाचं आणि गेल्या महिन्याचं वजन फाईलमध्ये असेल, आज वजन करायला लावा. महिन्याभरात पाच टक्के उतरलं असेल, म्हणजे 50 किलोच्या बाईचं अडीच किलो, तर त्याचं कारण सांगणं त्यांचं काम आहे. कवळी आहे ना? चष्मा? श्रवणयंत्राचा सेल? या वस्तू कपाटात पडून असतात आणि आम्हाला सांगतात, आजी जेवत नाहीत, आजी बोलत नाहीत.

हे लिहिताना माझा हात अडखळतोय, पण लिहिते. मांड्यांच्या आतल्या बाजूला डाग दिसले, आतल्या कपड्यावर रक्त दिसलं, तर आईला आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, तशीच सरकारी रुग्णालयात न्या. ऐंशीच्या बाईला कोण काय करणार, असं म्हणून आपण हा प्रश्न विचारतच नाही.

जे दिसेल त्याचे फोटो काढा. शेजारी नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. एक फोटो जवळून, एक असा की ती आईच आहे हे दिसेल. तिथूनच भावाला पाठवा, तारीख-वेळ आपोआप राहते. एक छोटी वही करा: कधी गेले, काय दिसलं, कोण काय म्हणालं, त्यांच्याच शब्दांत. खोलीत लपवून कॅमेरा ठेवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. खोलीत आणखी आज्या असतील तर ते करू नका, त्यांचेही कपडे तिथेच बदलतात.

आता तुमची मोठी भीती. राग आईवर काढतील.

ही भीती खरी आहे, म्हणून क्रम नीट ठेवायचा. आधी आई सुरक्षित, मग भांडण. उद्या तिथे आवाज चढवू नका, पोलिसांचं नाव काढू नका, "बघून घेईन" म्हणू नका. आईला तपासणीसाठी आमच्या डॉक्टरांकडे न्यायचंय, एवढंच सांगा आणि घेऊन बाहेर पडा. फाईलची, औषधांच्या चिठ्ठीची झेरॉक्स मागा. नाही दिली तर पानांचे फोटो काढा. तेही नाही जमलं तर गोळ्यांची पाकिटं उचला. आई उठवूनही उठत नसेल, ताप असेल, डोक्याला मार असेल, जखमेला वास येत असेल तर घरी न नेता थेट 108 बोलावा. पैसे बाकी आहेत म्हणून कुणी तिला दारात अडवलं तर तिथूनच 112 लावा. थकबाकीसाठी माणूस अडकवून ठेवता येत नाही, डिपॉझिटचा हिशेब नंतर होईल.

सरकारी रुग्णालयात डॉक्टरांना डाग दाखवून सरळ सांगा की आईला कुणीतरी मारलं किंवा बांधलं असावं असा मला संशय आहे. मग ते एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, म्हणून नोंदवतील आणि पोलिसांना कळवतील. तुमच्या फोटोंपेक्षा तो कागद दहापट वजनाचा. आठवडाभराने गेलात तर डाग पिवळे पडून जातील आणि कागदावर काहीच उरणार नाही, म्हणून घाई.

त्याच दिवशी सेंटरला ईमेल करा, दोनच ओळींचा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा, आणि औषधांच्या व ड्युटीच्या नोंदी द्या. रेकॉर्डिंग थोड्याच दिवसांत आपोआप पुसलं जातं, आणि "तुम्ही आधी सांगितलं असतं तर" हे उत्तर ऐकायला मिळतं.

इथे एक गोष्ट त्या मावश्यांच्या बाजूनेही लिहायला हवी. ब्युरोतून आलेली बाई, बारा तासांची ड्युटी, रात्री एकटीच्या अंगावर दहा-पंधरा पेशंट, प्रशिक्षण काही नाही. तिच्या हातून जे होतं त्यातलं बरंच दुष्टपणाने होत नाही, दमून होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीत अशा संस्थांमधल्या दर तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी स्वतःच सांगितलं आहे की गेल्या वर्षभरात आपल्या हातून कसला ना कसला छळ झाला. म्हणजे एखादी वाईट बाई काढून टाकली की संपलं, असं हे नाही. म्हणून मालकाला विचारायचा प्रश्न हा: रात्री किती जणी ड्युटीवर असतात आणि किती पेशंटमागे? महिना 32,000 घेणाऱ्याने याचं उत्तर दिलंच पाहिजे. पण ती दमली होती हे कारण आहे, तुमच्या आईच्या दंडांवरच्या डागांची भरपाई नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

तक्रार कुठे करायची याबद्दल लोकांचा फार गोंधळ होतो. ज्येष्ठ नागरिकांचा 2007 चा कायदा सगळ्यांना ऐकून माहीत असतो. पण प्रांताधिकाऱ्यांसमोरचं त्यातलं न्यायाधिकरण मुख्यतः मुलांकडून आणि वारसांकडून निर्वाहखर्च मिळवून देण्यासाठी आहे. खासगी केअर सेंटरच्या वागणुकीचा निवाडा तिथे होत नाही. अशा सेंटरची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारी दुरुस्ती 2019 मध्ये लोकसभेत मांडली गेली होती, पण त्या लोकसभेची मुदत संपली तरी ती मंजूर झाली नाही. मला याचा फार राग आहे. ज्या व्यवसायात माणसाला स्वतःची तक्रार स्वतः सांगता येत नाही, तिथे तर सर्वांत आधी नियम हवे होते.

तरी हातात बरंच काही आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 115 मारहाणीसाठी आहेच. त्याच संहितेत 357 हे एक फारसं कुणाला माहीत नसलेलं कलम आहे: आजारामुळे किंवा दुबळेपणामुळे असहाय झालेल्या माणसाची देखभाल करण्याचा करार करून ती मुद्दाम न करणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा लहान आहे, पण अर्जात हे कलम लिहिलेलं असलं की "हा तुमचा खासगी वाद आहे" म्हणून परत पाठवणं पोलीस ठाण्यातल्या माणसाला अवघड जातं. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर पोच घ्या. हद्द आमची नाही म्हणाले तर शून्य क्रमांकाने (झीरो एफआयआर, म्हणजे हद्द नसली तरी घ्यायची नोंद) नोंद करायला सांगा. गुन्हा नोंदवूनच घेतला नाही तर तोच अर्ज पोस्टाने वरिष्ठांना, म्हणजे पोलीस अधीक्षकांना किंवा शहरात उपायुक्तांना पाठवता येतो.

पैशांसाठी आणि नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही पैसे मोजून सेवा घेतली आणि ती मिळाली नाही, इतका सरळ मामला आहे. मुदत दोन वर्षांची. एकूण मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. सेंटर ट्रस्टचं असेल तर पाटीवर किंवा पावतीवर नोंदणी क्रमांक असतो, मग धर्मादाय आयुक्तांकडेही अर्ज करता येतो. वकील हवाच असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा 15100 ला फोन करा. स्त्रियांना तिथे मिळकत किती आहे ते न बघता मोफत वकील मिळतो, त्यामुळे आई आणि तुम्ही दोघींनाही. आणि हे सगळं वाचून गरगरायला झालं असेल तर आधी 14567 लावा. ती ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, मराठीत बोलता येतं, नातेवाइकांनीही लावलेली चालते.

आता भावाबद्दल. तो वाईट नाही, तो लांब आहे. लांबच्या माणसाला काहीच न दिसता फक्त तुमचा रडका आवाज ऐकू येतो, आणि तो तुम्हाला शांत करायला बघतो. त्याला फोटो पाठवा आणि मग तीन नेमकी कामं सांगा: सेंटरला जाणाऱ्या ईमेलवर त्याचंही नाव हवं, पुढच्या दोन महिन्यांच्या खर्चातला अमुक भाग त्याने द्यायचा, आणि आईच्या पेन्शनच्या खात्यातून गेल्या आठ महिन्यांत काय काढलं गेलं ते त्याने तपासायचं. हयातीच्या दाखल्याच्या नावाखाली कोणकोणत्या कागदांवर अंगठा घेतला गेला, हेही बघायला हवं. ते तिकडे बसून होण्यासारखं काम आहे.

"कुठे नेणार?" हा त्याचा प्रश्न मात्र रास्त आहे. तपासणीनंतर डॉक्टर काही दिवस दाखल करून घेतील तर तो वेळ वापरा. नाहीतर पंधरा दिवस घरी, दिवसा ब्युरोची बाई आणि रात्री तुम्ही, रजा टाकून. सोपं नाही, मला कल्पना आहे. त्या दिवसांत दुसरी जागा शोधा, आणि तिथे बगीचा आणि देवघर दाखवायला लागले तर त्यांना म्हणा, जेवणाच्या वेळी येऊ का? रात्री नऊला येऊ का? भेटीला वेळेचं बंधन नाही असं ज्यांनी म्हटलं, त्यांचा विचार आधी करा. कूस बदलल्याच्या नोंदीचा तक्ता पलंगापाशी लटकलेला आहे का आणि तो आजचा आहे का, बघा. सगळ्या खान्यांत एकाच पेनने एकदम सह्या मारलेल्या असतील तर निघून या.

शेवटी, तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत पण मला ओळींमध्ये दिसलं ते. आपल्या भाषेत आईवडिलांना वृद्धाश्रमात "ठेवलं" असं क्वचितच म्हणतात, "टाकलं" म्हणतात. तो शब्द तुमच्या मनात आठ महिने बसला आहे. म्हणून तुम्ही आधी फोन करून, चार ते सहा, पाहुण्यासारख्या जाता आणि सिस्टर म्हणतील ते ऐकून घेता. ज्याने स्वतःला आधीच दोषी ठरवलंय, तो दुसऱ्याला जाब विचारायला कचरतो. चांगल्या-वाईट सगळ्याच सेंटरवाल्यांना हे ठाऊक असतं. तुम्ही जाब विचारलात की कुणीतरी म्हणेलच, "एवढं वाटतं तर घरी का नाही ठेवत?" त्याला उत्तर देत बसू नका. तुम्ही नोकरी करून, दर महिन्याला पैसे मोजून, आईला सांभाळायला दुसरे हात आणले. ते हात कसे आहेत हे बघणं त्याच सांभाळण्यातलं आहे.

उद्या तेल लावताना आई पुन्हा विचारेल, मी शहाणी आहे ना? "असं का विचारतेस? कुणी मारलं?" असं खोदून विचारू नका, ती आणखी घाबरेल. हो म्हणा. कुणी काही म्हणणार नाही म्हणा. मग पायाकडे सरका आणि टाचा बघा.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला कळवा. पत्र नको, ईमेलच करा, लवकर मिळेल.